शिवेपर्यंतची सोबत

१

गाईडबुकं लिहिणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. आयुष्य चंद्रपूर-गडचिरोलीच्या वार्ताहरीत गेलं. गावात न जाता गावाबद्दल लिहिलेला मजकूर मला वासावरून कळतो. म्हणून पोर्तुगालला जायचं ठरलं तेव्हा मी नागपूरच्या टूरवाल्याला नकार दिला. झेंडा धरलेल्या पोराच्या मागे मेंढरांसारखं फिरायला मी जाणार नव्हतो. एक चांगलं पुस्तक घेऊ आणि दोघंच जाऊ, असं मी बायकोला सांगितलं. मंजुषा लगेच हो म्हणाली.

ती हो म्हणाली हीच मोठी गोष्ट होती. मंजुषाचं माहेर धाबोली तुकूम, गोंडपिपरीच्या पुढे, तलावाच्या काठावरची मासे मारणाऱ्यांची वस्ती. तिचा मोठा भाऊ इस्तारी एका दुपारी कुणा परक्याला जंगलाच्या शिवेची वाट दाखवायला गेला आणि परत आला नाही. देह सापडला नाही, खांद्यावरचा दुपट्टाही सापडला नाही. लोक वाघ म्हणाले. पुरावा नाही म्हणून मी ते छापायला नकार दिला. या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली, पण तेव्हापासून मंजुषाने चंद्रपूरबाहेर पाऊल टाकणं बंद केलं. आरोग्यसेविकेची नोकरी तिने पूर्ण केली, पण नात्यातल्या लग्नांनाही ती गेली नाही. भाऊ आला आणि मी घरी नसले तर, एवढंच तिचं म्हणणं.

मग यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर तिने फोनवर एक चित्रफीत पाहिली. पोर्तुगालच्या समुद्रकाठी काळ्या कपड्यातल्या म्हाताऱ्या चिरलेले मासे जाळीवर वाळवत होत्या. तिने ती पुन्हा पुन्हा पाहिली आणि म्हणाली, "हे एकदा पाहाले पाहिजे."

दुसऱ्याच दिवशी मी पासपोर्टच्या मागे लागलो. तिचं मन फिरायच्या आत मला तिला त्या उंबरठ्याबाहेर काढायचं होतं.

२

अनोळखी देशावरचं पुस्तक खरं की खोटं हे कसं ओळखायचं? वार्ताहराकडे त्यासाठी जुनी रीत असते. खबऱ्याला आधी आपल्याला ठाऊक असलेलं विचारायचं. तिथे तो खरा निघाला तर पुढचं ऐकायचं. म्हणून ज्या प्रकाशकांची पोर्तुगालवरची पुस्तकं होती, त्यांचीच भारतावरची पुस्तकं मी मागवली. आमच्या जिल्ह्यांवर काय लिहिलंय ते पाहून निवड करणार होतो.

जटपुरा गेटजवळ देवानंदचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. दिल्लीहून तो गठ्ठे आणतो. पहिल्या पुस्तकात आमच्या नावावर फक्त वाघ होते, आणि जंगल कोणत्या वारी बंद असतं तेही चुकलेलं. दुसऱ्यात गडचिरोलीला दोन ओळी, त्यातली एक 'जाऊ नका' अशी. सूरजागडचा डोंगर कापून ट्रक भरभरून जातोय, गडचांदूरच्या घरांवर सिमेंटची धूळ बसतेय, आणि या साहेबांना दोन ओळी पुरल्या. मी दुकानातच भाषण सुरू केलं. देवानंदने चहा पुढे केला.

"भाऊ, तुमी पुस्तक घेऊन राह्यले का पुस्तकाची हजेरी?"

तिसरं पुस्तक मातकट रंगाचं, बारीक. प्रकाशकाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. भारताचा एक भाग, पोर्तुगालचा एक, दोन्ही एकाच गठ्ठ्यात आलेले. छपाई याच वर्षाची. आमचं पान उघडलं तर वाघ नव्हता. खाण नव्हती, किल्लाही नव्हता. फक्त धाबोली तुकूम होतं.

इंग्रजी साधी होती. गोंडपिपरीहून बस घ्या. मोहाच्या झाडापाशी उतरा. तलावाच्या पाळीवरून चाला. शेवटच्या घराचं दार निळं आहे. दारात उभं राहून जंगलाच्या शिवेची वाट विचारा. इस्तारी सोबत येईल. तो भरभर चालतो. मागे वळून पाहत नाही.

मी उभ्याउभ्या पुन्हा वाचलं. कुणा जुन्या प्रवाशाच्या टिपणांतून उचललं असणार, असं आधी वाटलं. चोरीचा मजकूर आमच्या धंद्यात नवा नाही. पण दार निळं होतं. इस्तारी गेला तेव्हा ते दार बिनरंगी सागवानी होतं. निळा रंग मागच्या दिवाळीत लागला, आणि त्याचा डबा मीच चंद्रपुराहून नेऊन दिला होता.

म्हणजे लिहिणारा दिवाळीनंतर तिथे जाऊन आला होता. आणि त्याला कुणीतरी इस्तारी म्हणून भेटलं होतं.

दोन्ही पुस्तकं घेऊन मी बाहेर पडलो. मला भीती वाटली नाही. संताप आला. हरवलेल्या माणसाचं नाव लावून कुणी परदेशी लोकांना फिरवत असेल, तर त्याचा चेहरा मला पाहायचा होता.

३

मंजुषाला मी गोंडपिपरीला काम आहे एवढंच सांगितलं. खात्री झाल्याशिवाय तिच्या कानावर घालण्यात अर्थ नव्हता.

ऊन चढायच्या आत मोटरसायकलने पोहोचलो. इस्तारीची बायको ताराबाई अंगणात जाळं शिवत बसली होती. कपाळावर कुंकू होतं. ते तिने कधीच पुसलं नाही, आणि गावानेही तिला कधी पुसायला सांगितलं नाही. मी तिला आडून विचारलं. कुणी परका माणूस आला होता का, फोटो काढले का, कुणाला वाटेला नेलं का. ती प्रत्येक वेळी नाई म्हणाली. या दारात आता कोनी येत नाई, म्हणाली.

मग मी पुस्तक काढून तिला मजकूर मराठीत सांगितला. तिच्या हातातली सुई थांबली. तो कसा चालते म्हनून लिवलं, हेच ती विचारत राहिली. मी पुन्हा सांगितलं. भरभर चालतो, मागे पाहत नाही.

तिने फक्त मान हलवली. ते तिला पटलेलं दिसत होतं.

त्या गावची एक रीत आहे. वाट विचारणाऱ्याला बोट दाखवून कुणी मोकळं होत नाही. ज्याच्या दारात विचारलं, तो उठतो आणि पुढे चालू लागतो, शिवेच्या दगडापर्यंत. तिथे विचारणाऱ्याने म्हणायचं, "फिरा भाऊ." मग तो घराकडे वळतो. तोवर वळत नाही. आणि ते विचारणाऱ्यानेच म्हणावं लागतं, दुसऱ्या कुणाचं चालत नाही. परक्यांना हे माहीत नसतं, म्हणून निघतानाच घरची बाई त्यांना सांगून ठेवते. इस्तारी गेला त्या दुपारी ताराबाई तलावावर होती. परक्याला सांगायला घरात कुणी नव्हतं.

ही सगळी गोष्ट मला लग्नापासून ठाऊक होती. मी तिला गावची गंमत समजत आलो होतो.

पुस्तकातला मजकूर पायाने तपासायचा असं मी ठरवलं होतं. म्हणून उठलो, निळ्या दारासमोर उभा राहिलो आणि लिहिल्याप्रमाणे विचारलं, जंगलाच्या शिवेकडे वाट कशी जाते. आतल्या अंधाऱ्या खोलीत रिकामी खाट होती, खुंटीवर एक जाळं. मी कुणाला विचारत होतो ते मलाच सांगता आलं नसतं.

ताराबाई उठून उभी राहिली होती.

"जवाईबापू, हे काऊन केलं तुमी? तो गेला तवापासून गावातलं लेकरूबी या दारात वाट इचारत नाई."

मी म्हणालो, मी काही परका नाही, आणि वाट मला पाठ आहे. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. तिची नजर पाळीवर होती, जिथे कुणी नव्हतं.

"आता जा त्याच्या मांगं. शिवेवर फिरा म्हनजा. इसरू नोका. तेवढं म्हटलं का तो घरी येईन."

४

पाळ संपते तिथून सागाचा पट्टा लागतो. उन्हाळ्यात तिथे पाचोळ्याचा थर असतो आणि उंदीर गेला तरी आवाज येतो. माझ्या पुढे पाचोळा वाजत होता. मी थांबलो की एखादं पाऊल जास्त वाजायचं, मग थांबायचं. चालू लागलो की पुन्हा पुढे. माकडं असतील, मी म्हटलं. माकडं सरळ वाटेने, एकाच अंतरावर, एकाच चालीने जात नाहीत हेही मला ठाऊक होतं. मग म्हटलं, माझ्याच पावलांचा आवाज समोरच्या झाडांवर आपटून येतोय. घाम डोळ्यात जात होता. चष्मा पुसला. समोर वाट मोकळी होती.

शिवेच्या दगडाला शेंदूर आणि चुना लावलेला. मी तिथे पोहोचलो तेव्हा आवाज दगडाच्या पलीकडे, अगदी लगत, थांबला. वाट दाखवणारा माणूस जसा थांबतो, तसा. पुढच्या शब्दाची वाट पाहत.

दोन शब्द म्हणायचे होते.

अंगारे-धुपारे करणाऱ्यांवर मी इतकं लिहिलं होतं की त्यातल्या एकाने माझ्या घरावर दगड टाकले होते. आणि आता मी रिकाम्या जंगलाला 'फिरा भाऊ' म्हणावं? ऐकायला कुणी नव्हतं, आणि त्यामुळे ते अधिकच लाजिरवाणं वाटलं. ते म्हणणं म्हणजे तिथे कुणी उभं आहे असं मान्य करणं. मी म्हटलं नाही. दगडाचा फोटो काढला, पाठ फिरवली आणि गावाकडे निघालो.

आता माझं तोंड गावाकडे होतं. पाचोळा पुन्हा माझ्या पुढेच वाजत होता.

ताराबाई अंगणातच उभी होती. म्हटलं का, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती माझ्या मागची पाळ बराच वेळ न्याहाळत राहिली. मग खाली बसली आणि जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. माझी मोटरसायकल सुरू झाली तेव्हाही तिने वर पाहिलं नाही.

५

आमचं घर मूल रोडवर आहे, अंगणात एकही झाड नाही. स्वयंपाकघरातून ओसरीकडे जाताना मला पुढे पाचोळा ऐकू येऊ लागला. खाली फरशी. मी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. या वयात कानात आवाज होतात, असं तो म्हणाला आणि मी त्याच्यावर खूश झालो. पण मंजुषाने मला विचारलं की तुम्ही असे दबकत काऊन चालता, कोणी पुढं असल्यावानी.

पोर्तुगालचं पुस्तक मी आधीच वाचून काढलं होतं. मासे वाळवणाऱ्या त्या गावाच्या पानावर पेन्सिलने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. राजधानीतून बस कुठे मिळते, वाळूवर जाळ्या कुठे मांडतात, जेवण कुठे चांगलं मिळतं. चोख माहिती, म्हणून खुणा. तिकिटं काढण्याआधी ते पान पुन्हा पाहायला उघडलं, तर शेवटी काही ओळी होत्या. निळ्या दारापाशी वाट विचारा. एक माणूस सोबत येईल. तो मागे वळून पाहत नाही. परतीची काळजी करू नका.

त्या प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलची खूण होती. खूण माझीच होती. माझी रेघ वर जाताना थरथरते.

मी घाईत वाचलं असेल, दोन पुस्तकांत गोंधळ केला असेल, असं म्हणत मी दोन्ही पुस्तकं कपाटावर टाकली. प्रवासाला दुसरं कुठलंही चालेल. न गेलो तरी चालेल. हा विचार मनात आला आणि मला धक्का बसला, कारण हे तिकीट मी मंजुषासाठी काढत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर्तुगालचं पुस्तक तिच्या मांडीवर होतं. तिला इंग्रजी अडखळत येते. ती बोट ठेवून वाचत होती.

"यात भाऊचं काय लिवलं हाये?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं. ती म्हणाली, पान उघडलं तं तलावाचा वास आला.

मग मी सगळं सांगितलं. देवानंदचं दुकान, निळं दार, सागाचा पट्टा. शिवेवर मी शब्द उच्चारला नाही आणि ताराबाईला खोटं सांगितलं, तेही. मला वाटलं ती संतापेल. ती खोलीभर नजर फिरवत राहिली. दार, कूलर, ओसरीचा पडदा.

"मंग तो इथीच हाये," ती म्हणाली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिचा आवाज असा असायचा.

६

जेवून मी आडवा झालो होतो. जाग आली तेव्हा पुढचं दार उघडं होतं आणि ऊन खाटेपर्यंत आलं होतं. टेबलावर तिचा पासपोर्ट होता, पर्स होती, फोन होता. पुस्तक नव्हतं.

मोटरसायकल काढली. शहराकडे गेलो नाही. का ते सांगता येत नाही. मूलच्या दिशेने, जंगलाकडे निघालो. डांबर वितळत होतं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. महापालिकेची हद्द संपल्याची पाटी दिसू लागली, आणि तिच्या अलीकडे मंजुषा. गुडघ्यांमुळे तिला बाजारापर्यंत चालवत नाही. ती भरभर चालत होती. पुस्तक हातात उघडं होतं, पण ती त्यात पाहत नव्हती.

मी गाडी टाकली आणि धावत जाऊन तिचं मनगट धरलं. तिने थांबायचं नाकारलं. मला ओढत नेण्याइतकी ताकद तिच्यात होती.

"सोडा. भाऊ पुढं हाये. तो नेऊन राह्यला."

धान भरलेला एक ट्रक आमच्या अंगावरून गेल्यासारखा गेला आणि धुळीचा पडदा उठला. ती धूळ खाली बसत असताना मला पाटीच्या पलीकडे पाठ दिसली. उघडे खांदे, एकावर दुपट्टा. गुडघ्यापर्यंत ओलं धोतर, तलावातून आत्ताच वर आल्यासारखं, त्या उन्हात. पाठ थांबलेली होती. थांबूनही चालत असल्यासारखी ताणलेली.

"फिरा म्हण," मी मंजुषाला म्हणालो. "तूच म्हण. तुझा भाऊ आहे."

"माह्या म्हटल्यानं फिरत नाई. वाट तुमी इचारली." ती श्वास घ्यायला थांबली. "अन् जमलं असतं तरी मी म्हटलं नसतं. मले त्याच्या मांगं जायचं हाये."

ती पाटी ओलांडायला एक पाऊल उरलं होतं. मग मी म्हणालो. रस्त्यावर, भर दुपारी, शुद्धीत असताना म्हणालो.

"फिरा भाऊ."

पाठ सैल झाली. खांदा वळू लागला.

आयुष्यभर मी लोकांना एकच विचारत आलो, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का? पाहिलं नसेल तर सांगू नका. त्या क्षणी मी मान खाली घातली. डांबर पाहत राहिलो. डांबरावर एक पान नव्हतं, आणि पाचोळा वाजत वाजत जवळ आला. तलावाच्या तळाच्या गाळाचा वास आला. तो आमच्या शेजारून गेला, माझ्या बाहीला काहीतरी ओलसर लागलं, आणि मागे, शहराकडे, आवाज कमी होत गेला.

माझ्या मुठीत मंजुषाचं मनगट होतं. आवाज समोर होता तोवर ते ओढत होतं. आवाज शेजारी आला तेव्हा ते एकदम ढिलं पडलं.

मी वर पाहिलं. तिने मान खाली घातलेली नव्हती. तिचे डोळे उघडे होते.

मी तिला काय पाहिलंस ते विचारलं. तिने पुस्तक रस्त्याच्या कडेला ठेवलं, नीट, कुणाची वस्तू परत ठेवावी तसं. मग लंगडत घराकडे चालू लागली.

७

घरी पोहोचताच मंजुषाने दाराला आतून कडी घातली, खिडक्या लावल्या. त्या उकाड्यात मी खिडकी उघडायला गेलो तर तिने माझा हात बाजूला केला. मी चहा केला, तो तसाच राहिला. माझ्या कानात आता काही वाजत नव्हतं, आणि त्या शांततेचा मला आधार वाटायला हवा होता. चुकलेली गोष्ट दुरुस्त झाली, मी स्वतःला सांगत होतो. पाठवायचं त्याला पाठवलं. बायको घरात आहे. आणखी कुणाला काय हवं?

दिवेलागणीला फोन वाजला. ताराबाई होती. मी आवाज मोठा करून फोन दोघांच्या मध्ये ठेवला. ती हसत होती की रडत होती ते कळायला वेळ लागला.

आले, ती म्हणाली. पाळीवरून आले, गावातल्या कोनाले दिसले नाई. दारात येऊन बसले. तोंड तलावाकडं, पाठ घराकडं. पाणी ठेवलं ते घेतलं नाई. बोलत नाई. पण किती चालून आले असतील, दमले असतील. मी भात टाकला हाये. जवाईबापूनं त्या दिवशी नाई म्हटलं, आज म्हटलं, मले समजलं, पण माह्या मनात राग नाई.

ती थांबली आणि आवाज हळू केला, बाहेर बसलेल्याला ऐकू जाऊ नये तसा.

"तोंड अजून दिसलं नाई, मंजुषा. पण पाठ तं त्याचीच हाये."

दुपारनंतर मंजुषा पहिल्यांदा बोलली. फोनच्या इतकी जवळ गेली की तिचे ओठ त्याला लागत होते.

"वयनी, माहं ऐक. दार लावून घे. त्याले इकडं पाह्य म्हनू नोको."

पलीकडे चुलीतलं लाकूड तडकल्याचा आवाज आला. ताराबाईचा आवाज अजून आनंदी होता.

"काऊन वं? आत्ताच तं म्हटलं."